वैयक्तिक जामीनदारावर नादारीचा अर्ज: गोव्यातले वाद न्यायाधिकरणात कसे सुटतात?

मांडवीकाठ

खासगी मर्यादित कंपनीनं कर्ज घेतलं की संचालकाची वैयक्तिक हमी आलीच, आणि गोव्यात बहुतेक वेळा पत्नीचीही सही. हॉटेल असो, बार्ज असो की वेर्ण्यातला कारखाना. कंपनी थकली की बँक जामीनदाराकडे वळते. आता नुसता वसुलीचा दावा न करता आयबीसीच्या, म्हणजे नादारी व दिवाळखोरी संहितेच्या, कलम ९५ खाली जामीनदाराच्याच नादारीचा अर्ज होतो. रक्कम, मुदत, नोटीस, राहतं घर, पत्नीचा अर्धा हिस्सा, न वाटलेली वडिलोपार्जित जागा, या सगळ्यांवर वाद होतात. हे वाद कोण, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कागदावरून सोडवतं? जाणकारांनी कलमांसकट लिहावं. अनुभवकथन नको, नेमकी माहिती हवी.

हिशेबनीस

आधी कायद्याची व्याप्ती, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची. तिचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे, पण तो सगळ्यांना लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना लागू झाला. ज्या दुकानदारानं स्वतःच्या नावावर कर्ज घेतलं, किंवा ज्याचं क्रेडिट कार्ड थकलं, त्याला हा मार्ग नाही. भावाच्या गृहकर्जाला जामीन राहिलेल्यालाही नाही, कारण तिथे मूळ कर्जदार कंपनी नसते.

या अधिसूचनेला आव्हान दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २१ मे २०२१ रोजी ललित कुमार जैन प्रकरणात ती वैध ठरवली. त्याच निकालात असंही म्हटलं, की कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. योजनेतून बँकेला जे मिळालं ते वजा होतं, उरलेल्याची जबाबदारी राहते. म्हणून पहिली मागणी ही करा: योजनेतून किती रक्कम कोणत्या तारखेला मिळाली आणि ती कोणत्या खात्यात जमा धरली, याचा तक्ता बँकेनं द्यावा.

कुंभारजुवे

अर्ज कुठे होतो? पणजीत की मडगावात?

हिशेबनीस

दोन्हीकडे नाही. कलम ६० प्रमाणे कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या खंडपीठाच्या हद्दीत, तिथे. जामीनदाराचं घर कुठे आहे याला महत्त्व नाही. कंपनी गोव्यात नोंदलेली असेल तर एनसीएलटीचं, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं, मुंबई खंडपीठ. कंपनी बेंगळुरूला नोंदलेली आणि जामीनदार म्हापशाचा असेल, तर बेंगळुरू. कंपनीवर आधी कारवाई सुरू असायलाच हवी असंही नाही. महेंद्र कुमार जाजोदिया प्रकरणात अपील न्यायाधिकरणानं २०२२ मध्ये तसं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. त्यामुळे 'कंपनी अजून एनसीएलटीत गेलेली नाही' ही हरकत घेऊन वेळ घालवू नका.

जुने_दस्त

मूळ प्रश्नाकडे येतो. माझं ठाम मत: या प्रकरणांत लढाई न्यायाधिकरणाच्या सुनावणीत जिंकली जात नाही. ती अर्ज तपासणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या, म्हणजे आरपीच्या, दहा दिवसांत जिंकली किंवा हरली जाते.

क्रम असा. बँक 'फॉर्म बी' नमुन्यात मागणीची नोटीस देते. चौदा दिवसांत पैसे आले नाहीत तर 'फॉर्म सी' मध्ये अर्ज, शुल्क २,००० रुपये. अर्ज दाखल होताच कलम ९६ चा अंतरिम मोरॅटोरियम, म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, सुरू होतो. मग न्यायाधिकरण आरपी नेमतं. आरपीनं नेमणुकीपासून दहा दिवसांत अहवाल द्यायचा, अर्ज मंजूर करावा की फेटाळावा याची कारणांसह शिफारस करायची. अहवालानंतर चौदा दिवसांत न्यायाधिकरणानं कलम १०० खाली निर्णय द्यायचा. प्रत्यक्षात हे दिवस पुष्कळ लांबतात, पण ती लांबण न्यायाधिकरणाच्या बाजूची. आरपीनं कलम ९९ खाली माहिती मागितली तर ती सात दिवसांत द्यायची असते आणि तिथे दिरंगाई जामीनदारालाच भोवते.

९ नोव्हेंबर २०२३ च्या दिलीप जिवराजका निकालानं आरपीची जागा स्पष्ट केली. तो न्यायनिवाडा करत नाही, त्याचा अहवाल केवळ शिफारस आहे, आणि त्यानं मागायची माहिती अर्जाशी संबंधितच असली पाहिजे. आरपी नेमण्याच्या टप्प्यावर न्यायाधिकरण कर्ज आहे की नाही हे ठरवत नाही, ते कलम १०० च्या वेळी ठरतं. हे वाचून पुष्कळ वकील आरपीला मोघम उत्तर देतात आणि खरं म्हणणं सुनावणीसाठी राखून ठेवतात. ही मोठी चूक. अहवालात 'कर्जदारानं परतफेडीचा पुरावा दिला नाही' हे एक वाक्य गेलं, की पुढचा सगळा युक्तिवाद त्या वाक्याला चिकटून राहतो.

जुने_दस्त

आता परतफेडीचा पुरावा म्हणजे काय. कलम ९९ च्या दुसऱ्या पोटकलमात तीनच प्रकार आहेत: जामीनदाराच्या बँक खात्यातून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पैसे गेल्याचा पुरावा, त्यानं दिलेला चेक वटल्याचा पुरावा, किंवा पैसे मिळाल्याची धनकोनं सही केलेली पोच. शाखेत रोख भरलेल्या पैशांच्या स्लिपा इथे अडतात. स्लिपेवर गोल शिक्का असतो, सही कोपऱ्यात अर्धवट, थर्मल कागद असेल तर दोन वर्षांत कोरा. अशा रकमांसाठी बँकेच्या लेटरहेडवर, कर्जखात्याचा क्रमांक घालून, सही-शिक्क्यासह पत्र मागून घ्या. नोटीस येण्याच्या आधीच मागा, नंतर शाखा हात वर करते.

इलेक्ट्रॉनिक भरण्यासाठी नुसता पासबुकाचा फोटो पाठवू नका. एक तक्ता करा: तारीख, यूटीआर (बँक व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक, रक्कम, कोणत्या खात्यातून, कोणत्या कर्जखात्यात, आणि स्टेटमेंटचं पान. कंपनीच्या खात्यातून गेलेले पैसे आणि जामीनदाराच्या स्वतःच्या खात्यातून गेलेले पैसे वेगळे दाखवा, कारण कलम स्वतःच्या खात्याबद्दल बोलतं.

शिवाय कर्जाची नोंद इन्फर्मेशन युटिलिटीकडे, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या एनईएसएल या संस्थेकडे असेल, तर कलम ९९ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे त्या कर्जाच्या वैधतेवर वादच घेता येत नाही. एनईएसएलचा ईमेल आला की तो जाहिरात समजून पुसू नका. त्यात नोंद मान्य की अमान्य हे कळवायचं असतं. रक्कम चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवा.

सासष्टीकर

नोटीस मिळालीच नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो का? पत्ता गावच्या बंद घराचा असतो आणि माणसं मडगावला राहतात.

हिशेबनीस

क्वचितच. २०१९ च्या नियमांत रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट, कुरिअर, पोच मिळू शकेल असं इलेक्ट्रॉनिक माध्यम, सगळं चालतं. कशानंच पोचली नाही तर घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवता येते. हमीपत्रात दिलेला पत्ता बदलल्याचं बँकेला लेखी कळवलं नसेल, तर बंद घराची हरकत टिकत नाही. कळवलं असेल आणि पोच हातात असेल, तर मात्र ती भक्कम आहे.

नोटिशीपेक्षा वजनदार मुद्दा हमी मागण्याचा, ज्याला आपण गॅरंटी इन्व्होक करणं म्हणतो. नियम ३ मधली 'जामीनदार' ची व्याख्याच सांगते, की ज्याची हमी इन्व्होक केली आहे आणि पैसे पूर्ण किंवा अंशतः थकले आहेत तो. म्हणून हमीपत्रातलं मागणीचं कलम काढून वाचा: लेखी मागणी हवी का, किती दिवसांची, कोणाच्या सहीनं. बँकेचं ते पत्र अर्जाला जोडलेलं नसेल आणि फक्त फॉर्म बी असेल, तर आरपीसमोर पहिली हरकत हीच घ्या.

कुंभारजुवे

आणि मुदत? खाण बंद झाल्यापासून थकलेली कर्जं अजून निघतात.

हिशेबनीस

मुदत तीन वर्षं, परिसीमा अधिनियमाच्या अनुच्छेद १३७ खाली. मागणीवर देय अशा हमीत ती साधारणपणे हमी इन्व्होक झाल्यापासून मोजतात, कंपनीचं खातं एनपीए (थकीत) झालं त्या तारखेपासून नाही. त्यामुळे २०१८ च्या मार्चमध्ये खाणपट्टे थांबले आणि खातं त्याच वर्षी गेलं, एवढ्यावरून अर्ज मुदतबाह्य ठरत नाही.

करोनाकाळाची वजाबाकी विसरू नका. १० जानेवारी २०२२ च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून काढला. समजा हमी १ ऑगस्ट २०१९ ला इन्व्होक झाली. साध्या हिशेबानं मुदत १ ऑगस्ट २०२२ ला संपते. पण १५ मार्च २०२० ला दोन वर्षं, चार महिने आणि सतरा दिवस शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुढे चालू होतात, म्हणजे शेवट १८ जुलै २०२४ च्या आसपास. याच्या उलट १ फेब्रुवारी २०१७ ला इन्व्होक झालेली हमी १ फेब्रुवारी २०२० लाच संपली, तिला करोनाचा आदेश वाचवत नाही.

मधे जामीनदारानं वन टाइम सेटलमेंटचं, म्हणजे एकरकमी तडजोडीचं, पत्र स्वतःच्या सहीनं दिलं असेल, तर ती कर्जाची कबुली धरली जाऊ शकते आणि त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत जिवंत असताना दिलेली कबुलीच चालते, संपल्यानंतरची नाही. पत्र संचालक म्हणून दिलं की जामीनदार म्हणून, हे सहीखालच्या ओळीवरून ठरतं. ती ओळ बघा.

फोंडा_बाजार

रक्कम फुगवलेली आहे, दंडव्याज लावलेलं आहे, म्हणून अर्जच फेटाळा, असं म्हणता येतं का?

जुने_दस्त

त्यानं अर्ज थांबत नाही. थकबाकी आहे की नाही एवढंच कलम १०० ला लागतं. कलम ७८ मधली किमान रक्कम फक्त १,००० रुपये आहे. नेमका आकडा नंतर ठरतो. अर्ज मंजूर झाला की सात दिवसांत जाहीर नोटीस निघते, धनकोंनी एकवीस दिवसांत दावे नोंदवायचे, आणि नोटिशीपासून तीस दिवसांत आरपी धनकोंची यादी करतो. दंडव्याजाचा, दोनदा धरलेल्या विम्याच्या हप्त्याचा वाद तिथे, तपशीलवार आकड्यांनी मांडायचा.

एक अपवाद मात्र मुळावर घाव घालतो. मंजुरी दोन कोटींची होती, जामीनदारानं तिथे सही केली. नंतर मर्यादा साडेतीन कोटी झाली आणि वाढीव कागदांवर त्याची सही नाही. करार अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे संमतीशिवाय अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. बँक लगेच दाखवेल की हमीपत्रात 'बदलांना आगाऊ संमती' आहे. म्हणून प्रत्येक मंजुरीपत्र आणि प्रत्येक हमीपत्र तारखेप्रमाणे शेजारी शेजारी लावा. संचालकपद सोडलं म्हणून हमी संपत नाही, हेही इथेच सांगतो. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घ्यायची तर तशी वेगळी नोटीस द्यावी लागते.

सासष्टीकर

पत्नीच्या अर्ध्या हिश्श्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. गोव्यात मुख्य प्रश्न तोच आहे ना?

दर्यावर्दी

तोच आहे, आणि मुंबईत तो समजावून सांगावा लागतो. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा अर्धा हिस्सा. स्थावर मालमत्ता दोघांच्या सहीशिवाय विकता येत नाही. म्हणून बँका दोघांच्या सह्या घेतात, आणि सगळा वाद त्या सहीच्या स्वरूपावर येतो.

पत्नीनं हमीपत्रावर 'जामीनदार' म्हणून सही केली असेल तर ती स्वतंत्र जामीनदार आहे. तिच्यावर वेगळा अर्ज होऊ शकतो, अर्ध्या हिश्श्याची ढाल उरत नाही. तिनं फक्त गहाणखतावर संमती दिली असेल, तर जबाबदारी त्या गहाण मालमत्तेपुरती. आणि तिची कुठेच सही नसेल, तर पतीच्या नादारीत येतो तो त्याचा अर्धा हिस्सा. बँक तेव्हा म्हणते की कर्ज दांपत्याच्या सामाईक हितासाठी वापरलं गेलं, म्हणून तिचाही हिस्सा जबाबदार. या मुद्द्यावर कर्जाचा पैसा कुठे गेला हे स्टेटमेंटमधून दाखवावं लागतं: यंत्रसामग्रीच्या विक्रेत्याला गेला, की घराच्या बांधकामाला.

इथे एक फसवा कागद आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे गोव्यातल्या दांपत्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न निम्मं निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, शेड्यूल ५ए मध्ये. बँक पत्नीचं विवरणपत्र दाखवून म्हणते, पाहा, धंद्याचा नफा हिलाही मिळत होता. उत्तर स्पष्ट द्या: ही विभागणी कायद्यानं सक्तीची आहे, ती हमीही नाही आणि पैसा हातात पडल्याचा पुरावाही नाही.

आरपीकडे हे सगळं पत्नीनं स्वतःच्या प्रतिज्ञापत्रानं द्यावं, विवाह नोंदणीच्या दाखल्यासह. लग्नापूर्वीचा करार असेल तर त्याची प्रमाणित प्रत. जुना दस्त पोर्तुगीजमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडल्याशिवाय मुंबईत तो वाचलाच जाणार नाही. भाषांतरात मालमत्तेचं वर्णन, लँड रजिस्ट्रेशनचा क्रमांक आणि मात्रीज (जुन्या महसूल नोंदीतला) क्रमांक जसेच्या तसे उतरले आहेत का ते दोनदा ताडून पाहा. एका आकड्याच्या चुकीनं शेजाऱ्याची भाटं (बागायती) जामीनदाराच्या नावावर दिसतात.

कुंभारजुवे

आणि आजोबांच्या नावावरच राहिलेली जागा?

दर्यावर्दी

नमुना १ व १४ च्या जमीन उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली न्यायालयीन वाटणी, झालेलीच नाही, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. वाटणी होईपर्यंत वारसाचा हक्क संपूर्ण वारशातल्या हिश्श्यावर असतो, अमुक भाट किंवा अमुक खोलीवर नाही. म्हणून आरपीनं यादीत 'घर क्रमांक अमुक' असं लिहिलं तर हरकत घ्या आणि 'न वाटलेल्या वारशातला हिस्सा' अशी दुरुस्ती करून घ्या. वारसांमधला वाद इन्व्हेंटरीतच सुटायचा, २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखाली, गोव्याच्या दिवाणी न्यायालयात. हा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. जागेत मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला मिळालेलं संरक्षण जागामालकाच्या नादारीनं जात नाही. तेही यादीत लिहून घ्या.

फोंडा_बाजार

अंतरिम मोरॅटोरियम लागला की चेक बाउन्सचे खटलेही थांबतात असं ऐकतो.

हिशेबनीस

थांबत नाहीत. १ एप्रिल २०२५ च्या राकेश भनोत निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चेक न वटल्याबद्दल परक्राम्य लेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फौजदारी कारवाई कलम ९६ नं थांबत नाही. त्याआधी ४ मार्च २०२५ ला सारंगा अग्रवाल प्रकरणात ग्राहक आयोगानं लावलेल्या दंडाबद्दलही तेच. थांबतात ते कर्जवसुलीचे दावे. दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज ही कलम ७९ मधली वगळलेली कर्जं आहेत, त्यांना हे छत्र नाही. केवळ वेळ काढण्यासाठी कलम ९४ खाली स्वतःच अर्ज करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात जामीनदारांचा अंतरिम मोरॅटोरियमच काढण्याचा प्रस्ताव होता, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहूनच पाऊल टाका.

मांडवीकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. अर्ज मंजूर झाल्यावर पुढे काय, आणि राहतं घर वाचतं का, एवढं राहिलं.

जुने_दस्त

मंजुरीनंतर १८० दिवसांचा मोरॅटोरियम, आणि कलम १०१ नं मालमत्ता विकण्या-देण्यावर बंदी. त्या काळात परतफेड योजना मांडायची. ती उपस्थित राहून मतदान करणाऱ्या धनकोंच्या, मूल्यानं मोजून, तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त मतांनी मंजूर व्हावी लागते. तारणधारक बँकेला तारणाच्या रकमेवर मत द्यायचं असेल, तर योजनेच्या काळात तारण विकण्याचा हक्क सोडावा लागतो. नाहीतर उरलेल्या बिनतारणी रकमेपुरतंच मत. सहकारी पतसंस्था आणि एक मोठी बँक असे धनको असतील, तर बँक कोणता पर्याय घेते यावर बहुमत इकडचं तिकडे होतं. बैठकीच्या आधी तिचं प्रतिज्ञापत्र मागून घ्या.

योजना फेटाळली गेली तर तीन महिन्यांत दिवाळखोरीचा अर्ज होऊ शकतो. तिथे राहतं घर वाचतं ते दोन अटींवर: त्यावर बोजा नसावा, आणि किंमत शहरी भागात २० लाख, ग्रामीण भागात १० लाखांच्या आत असावी. दागिन्यांची मर्यादा १ लाख, तीही धार्मिक रूढीनं अंगावेगळे करता न येणारे. गोव्यातल्या आजच्या भावात ही मर्यादा फार तोकडी आहे, पर्वरीतला वन बीएचकेही तीत बसत नाही, आणि ती वाढवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण वाद घालताना नियमातलाच आकडा धरावा लागतो. इथेही पत्नीचा अर्धा हिस्सा आधी वेगळा काढा, मग जामीनदाराच्या हिश्श्याचं मूल्यांकन मागा.

घर मुलाच्या नावे दानपत्रानं करून ठेवण्याचा सल्ला बाजारात फिरतो. कलम १६४ प्रमाणे दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतले कमी मोबदल्याचे व्यवहार रद्द करता येतात, आणि इतर धनकोंना डावलून जवळच्या नातेवाइकाला दिलेलं प्राधान्यही कलम १६५ खाली दोन वर्षं मागे जाऊन. तारीख दिवाळखोरीच्या अर्जाची मोजतात, बँकेच्या पहिल्या नोटिशीची नाही.

सासष्टीकर

आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला किती दिवस?

हिशेबनीस

दिल्लीच्या एनसीएलएटीत, म्हणजे अपील न्यायाधिकरणात, तीस दिवस, पुरेसं कारण दिलं तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही माफ होत नाही. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाका आणि अर्जाची पावती जपून ठेवा, कारण प्रत मिळायला लागलेले दिवस वजा करून मागताना तीच दाखवावी लागते.